दुसरी ओळ वाचणारे मामा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत चांगली बातमी ऐकून घाबरणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उसाला भाव मिळाला की यांची झोप उडते, नातवाचा पहिला नंबर आला की बीपी वाढतं. खुटबावच्या या मामांनी रांजणगावच्या कारखान्यात अकाउंट्समध्ये उभा जन्म काढला आणि रिटायर होताना एक कायमची धास्ती घरी आणली: आत्ता आहेत ते ठीक, पण अजून येणारे वाटेकरी किती? तळेगाव ढमढेऱ्याहून जीप निघते तेव्हा सगळे ऐसपैस बसतात, मामा तेवढे अंग चोरून. "आत्ता नऊ हायेत, फाट्यावर पाच चढत्याल." लग्नात पहिल्या पंगतीला बसून शेवटच्या पंगतीची काळजी करतात आणि जिलेबी नको म्हणतात. आत्या कपाळावर हात मारते, "सुखानं चार घास खाताना ह्यांना कवा बघितलंच न्हाई बाई!"

कंपन्यांचे अहवाल वाचणं हा त्यांचा नाद. एकदा मी सहज विचारायची चूक केली आणि तासभर अडकलो. "नफ्याला आज असलेल्या शेअरनी भागलं की शेअरमागं नफा निघतो, तो बेसिक," मामा म्हणाले. "पर काहींकडं कागद असत्यात, जे उद्या शेअर व्हनार. ते झालेच असं धरून पुन्हा भाग. तो डायल्यूटेड. लोक पहिली ओळ वाचून पेढे वाटत्यात, मी दुसरी वाचतो."

अशा माणसानं एकुलती एक लेक दिली कवठे येमाईला, आणि तिचे सासरे निघाले कांदा साठवणाऱ्या कंपनीचे चेअरमन! शेतकऱ्यांनीच उभी केलेली कंपनी, मामांचेही त्यात थोडे शेअर. यंदाच्या सभेला मीही त्यांच्याबरोबर गेलो. व्याह्यांनी माईकवरून सांगितलं, शेअरमागे बारा रुपये नफा! टाळ्या कडाडल्या. त्याच दमात ते म्हणाले, नवे शेअर काढतोय, ज्यांना हवेत त्यांनी आत्ताच नावं नोंदवा. लोक रांगेला धावले. मामांचं बोट मात्र अहवालातल्या दुसऱ्या ओळीवर थिजलं होतं. तिथं आठ छापलेलं. एका व्यापाऱ्यानं कंपनीला बिनव्याजी पैसे देऊन पुढं शेअर होणारे कागद घेतले होते. ते शेअर झाले की बाराचे आठ. लपवलं कुणी काही नव्हतं, नुसतं वाचलं नव्हतं.

लेकीच्या सासऱ्याला भरसभेत प्रश्न विचारायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "विचारलं तर लेकीला तिथं नांदनं मुश्कील," मामा पुटपुटले, "आन् न्हाई विचारलं तर ही मानसं बाराच्या भरवशावर पैसं घालत्याल." मी त्यांचा सदरा ओढला, "मामा, गप बसा हो!" तीनदा उठले, तीनदा बसले. शेवटी हात जोडून उभेच राहिले. "पाव्हणं, चुकलं तर माफी करा. तेवढा डायल्यूटेड बी वाचून दावा."

व्याह्यांनी चष्मा पुसला, वाचलं, "आठ." रांग पांगली. मामांना शाबास कुणी म्हटलं नाही, आणि व्याह्यांनी चहाला थांबा म्हटलं नाही. मला तर त्या दिवशी मामांचा रागच आला होता.

दिवाळीला मी खुटबावला होतो तेव्हा लेकीचा फोन आला. "आबा, मामंजी यंदा दिवाळीला माहेरी सोडत न्हाईत म्हणत्यात. तुम्ही मनाला लावून घेऊ नगा."

"बरं. येळेवर जेवत जा," एवढंच मामा म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"माझा हिशोब बरोबर व्हता ना रं?"

"बरोबर होता, मामा."

"मग एवढं जड का जातंय?"

आत्या करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली, आणि आम्ही तिघंच फराळाला बसलो.