म्हशीचं पान

रविवारी सकाळी वाचनालयाचं कुलूप काढतानाच ठरवलं होतं, आज शेवटचं. संध्याकाळी अध्यक्षांना फोन करायचा आणि सांगायचं, भाऊ, हा कार्यक्रम आता बंद करू या.

मी सावद्याच्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. रोज भुसावळहून एसटीनं येते. दर रविवारी आमच्याकडे 'सर्वांसाठी वाचन' असतं... सकाळी मुलं, मग बायका, मग ज्येष्ठ मंडळी. म्हणजे कागदावर तसं. प्रत्यक्षात बायकांना रविवारी उसंत नसते, ज्येष्ठ मंडळी पेपर वाचून उठून जातात, आणि सुट्टी लागली की मुलं मामाच्या गावाला.

त्यात हे ऊन. नऊ वाजताच पत्रा तापलेला, लाइट गेलेली. सतरंज्या मीच घालायच्या, माठ मीच भरायचा, आणि कार्यक्रम संपला की वाचनालयाच्या ग्रुपवर विचारणा... मॅडम, फोटो टाका, गर्दी दिसली पाहिजे. गर्दी कुठून आणू? त्या दिवशी चार मुलं आली होती.

त्यांना बसवत होते तेवढ्यात दारात नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का दिसले.

नाना म्हणजे आमच्या भागातले केळीचे जुने व्यापारी. दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या भरताना ते फोनवर बोलायचे, ते रस्त्यापलीकडे ऐकू यायचं. थंडीत त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय सावरले, सगळं कळतं, पण जीभ वळत नाही. एकेक शब्द ओढून काढावा लागतो. तेव्हापासून ते फारसे कुणाला दिसलेच नव्हते.

अक्कांनी मला बाजूला घेतलं. जळगावच्या डॉक्टरांनी रोज मोठ्यानं वाचायला सांगितलंय म्हणे, पण घरी ते तोंडच उघडत नाहीत. मुलगा-सून समोर असले की पुस्तक मिटून ठेवतात. मग हळूच म्हणाल्या, "लाज वाटते त्यायले."

मी त्यांना सांगितलं, ज्येष्ठांचं वाचन अकराला आहे, तोवर आत पंख्याखाली बसा. पंखा बंदच होता, तरी मी सवयीनं बोलले. नाना आत गेले नाहीत. त्यांनी एकदा पेपरच्या टेबलाकडे पाहिलं, तिथे ओळखीचे दोघं-तिघं बसलेले होते... आणि ते सरळ मुलांच्या सतरंजीजवळच्या खुर्चीवर येऊन बसले. खरं सांगायचं तर त्यांना उठवून आत न्यायचं त्राणही माझ्यात नव्हतं.

पाण्याला घाबरणाऱ्या एका म्हशीची गोष्ट चालू होती. प्रत्येकानं एक पान वाचायचं आणि पुस्तक पुढे द्यायचं. दुसरीतली कस्तुरी अक्षरांखाली बोट सरकवत वाचते, तिला वेळ लागतो. तिचं पान संपलं आणि तिनं पुस्तक पुढे दिलं... नानांकडे. तिच्या हिशेबानं पुढचा नंबर त्यांचा होता.

मी पुढे होऊन पुस्तक घेणार, तर नानांनी ते घट्ट धरलेलं.

पहिलाच शब्द 'म्हैस'. म्... म्... ओठ मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. चेहरा लाल झाला, कपाळावर घाम. दाराशी उभ्या असलेल्या अक्का पुढे झुकल्या. घरात त्यांचं प्रत्येक वाक्य आता अक्काच पूर्ण करतात.

कस्तुरी खुर्चीजवळ सरकली, तिनं त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि अगदी सहज म्हणाली, "मलेबी जोडाक्षर नही जमत."

कुणी हसलं नाही. बाकीची मुलंही नुसती बघत होती... त्यांच्या मते यात काही विशेष नव्हतंच. वाचताना अडतंच की.

"म्... म्हैस," नाना म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "काठावर..."

आणि थांबले. दम लागला होता.

समोरचा मुलगा गुडघ्यांवर उठला. "मग?"

मी नानांकडे पाहत होते. त्या एका 'मग'नं त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक त्यांच्याशी बोलायचे ते त्यांचं वाक्य लवकर संपावं म्हणून. इथे या मुलाला खरोखर पुढचं हवं होतं, आणि पुस्तक नानांच्या हातात होतं.

त्यांनी पूर्ण पान वाचलं. पाच-सहाच ओळी, पण फार वेळ लागला. कस्तुरीचं बोट त्यांच्या वेगानं सरकत होतं. अक्का एकदाही मध्ये बोलल्या नाहीत... चपलांच्या रॅककडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना लावून.

फोटो काढायचा राहिला. आठवलं तेव्हा मुलं पळाली होती आणि मी सतरंज्या झटकत होते. पाठ दुखत होती. काही थकवा वगैरे पळाला नाही माझा.

जाताना नाना माझ्यासमोर थांबले. "पुढच्या... रविवारी..."

मला कळलं काय विचारायचंय. उत्तर जिभेवर होतं. पण त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मी सतरंजी हातात धरून थांबले.

"...म्हैस... हाये... ना?"

मी हो म्हणाले.

संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला नाही. पुढे किती दिवस जमेल माहीत नाही... चारच मुलं येतील, कदाचित तीन. पण आपलं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारं कुणीतरी लागतं माणसाला, आणि त्या सकाळी आमच्या सावद्यात ते होतं. त्या चौघांचे आभार मानायचे राहिलेत, म्हणून हे लिहिलं.