आईसाठी घेतलेली गाडी

आमच्या घरी दोन गाड्यांवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी दोन स्थळांवरूनसुद्धा झाली नव्हती. मला तर चहा संपायच्या आत देऊन टाकलं होतं. गाडीला मात्र अख्खा पावसाळा लागला.

कारण साधं होतं. मामा दरवर्षी भाऊबीजेला ब्रह्मपुरीला आमच्या घरी यायचा आणि आई, म्हणजे त्याची ‘बाई’, त्याला ओवाळायची. लग्न झाल्यापासून आईची एक भाऊबीज चुकली नव्हती. यंदा आषाढात मामाला लकवा मारला. उजवा हातपाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. म्हणजे आता जायचं तर आईनंच जायचं. पण ऑपरेशन करूनही तिचा गुडघा नीट वाकत नाही. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून जाण्याचं तिचं वय राहिलं नाही. तेव्हा माझ्या दोन्ही भावांनी जाहीर केलं, आईसाठी गाडी घेऊ. गल्लीभर सांगत फिरले. लोकांनी वाहवा केली, आणि तिथून पुढं आईचं नाव कोणी काढलं नाही.

दोन गाड्या नक्की झाल्या. दोन्ही आजकालच्या त्या छोट्या एसयूव्ही, म्हणजे बाहेरून जीपचा रुबाब आणि आत माणसं अंग चोरून बसलेली. एक जराशी बुटकी, साधी. दुसरी उंच, तोंड रागावलेल्या रेड्यासारखं, आणि वरून छप्पर उघडणारी. मोठा भाऊ कॉलेजात नोकरीला, तो बुटकीच्या बाजूनं, कारण ती तेल कमी पिते. धाकटा ट्रकांच्या धंद्यात. सूरजागडच्या खाणीकडं त्याची जा-ये असते, म्हणून त्याला उंचच पाहिजे.

"तिकडचे रस्ते पाह्यले का तू? बुटकी गाडी पोटावर बसन ना!"

"आईले का सूरजागडले लोखंड खोदाले न्याचं आहे?" मी म्हटलं. "मामाच्या गावापर्यंत डांबरी रोड आहे."

"तुले गाडीतलं काही समजत नाई ताई. तू चाय ठेव."

मी गडचिरोलीला शाळेत शिकवते. तिथं चाळीस पोरं माझं ऐकतात. माहेरी आले की मी चहा ठेवते.

दोन महिने हे दोघं मोबाईल नाकाला लावून कुठल्या कुठल्या माणसांचे व्हिडिओ पाहून राहिले होते. तो व्हिडिओतला माणूस दार लावून आवाज ऐकवायचा, धप्! आणि हे दोघं माना डोलवायचे. ज्यांना स्वतःच्या आईच्या गुडघ्याचा कडकड आवाज शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही, त्यांना गाडीच्या दाराचा आवाज पारखायचा होता. मोठा म्हणे इंजिन, धाकटा म्हणे छप्पर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घराचं छप्पर झाकायला आम्ही बांबूचे तट्टे शोधत फिरतो, आणि या पठ्ठ्याला उघडं छप्पर पाहिजे!

शेवटी निकाल लावला तो तांदळाच्या कट्ट्यानं, म्हणजे पोत्यानं. आमच्या धानपट्ट्यात पाहुणपणाला कोणी रिकाम्या हातानं जात नाही, घरचे तांदूळ नेतात. त्यामुळं इकडं गाडी डिक्कीवरून जोखतात. बाकीचं जग काय पाहत असेल ते पाहो, आमच्याकडं कट्टा आडवा मावतो की उभा, एवढं पाहतात. तर हे दोघं घरून तांदळाचा भरलेला कट्टा घेऊन चंद्रपूरच्या शोरूमला गेले. मीही गेले, तमाशा पाहायला. टाय लावलेल्या सेल्समननं कट्ट्याचं एक टोक धरलं, धाकट्यानं दुसरं. बुटकीत कट्टा आडवा बसेना, दार लागेना. तिथून दुसऱ्या शोरूमला. उंच गाडीत कट्टा मस्त आडवा झोपला आणि दार एका दणक्यात लागलं. मोठ्यानं तिथंच मान टाकली. तेल गेलं, तूप गेलं, कट्टा मावला.

"आता आईलेही एकदा बसवून पाहा," मी म्हटलं. "कट्टा आणला एवढ्या लांब, मंग आईले काऊन नाई आणलं?"

"तिले काऊन तरास द्याचा?" मोठा म्हणाला.

सेल्समननं विचारलं, "घरी वयस्कर कोणी आहे का सर?"

धाकटा म्हणतो कसा, "आहे ना, आई आहे. पन ते मागं बसते."

वा रे पुत्रांनो! मी तोंडाला पदर लावला, नाहीतर तिथंच काहीतरी बोलून बसले असते.

दसऱ्याला गाडी घरी आली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू. आईला समोर बोनेटजवळ उभं करून फोटो काढले. आत बसवलं नाही, कारण सीटचं प्लास्टिक चुरगळेल. मी म्हटलं, तिला यात चढता येणार नाही, भाऊबीजेपुरती एक बुटकी गाडी किरायानं सांगून ठेवा. तर दोघं माझ्यावरच उखडले. "घरी नवी गाडी असताना किरायाची? लोक हसतीन ना!"

भाऊबीजेला आई सकाळीच तयार झाली. हिरवं लुगडं, हातात तबक, त्यात कणकेचा दिवा. मागचं दार उघडलं. आईनं पाय उचलला आणि तो गाडीच्या उंबऱ्याच्या खालीच राहिला. पाट ठेवला. पाटावर चढली, पण गुडघा वाकल्याशिवाय आत शिरायचं कसं? धाकट्यानं मागून ढकललं, मोठ्यानं आतून हात ओढला. आई ओरडली. तबक मी धरलं म्हणून वाचलं.

"उचलूनच घेऊ तिले," धाकटा म्हणाला.

"हात नोको लावू मले," आई म्हणाली. "मेल्यावर उचलानच ना चार जनं मिळून, तवाच उचला."

मी गावभर फोन लावले. भाऊबीजेच्या दिवशी किरायाची गाडी मिळते का कुठं! आई ओसरीवर जाऊन बसली. रडली नाही. मलाच म्हणाली, "तू तरी जा, त्याले सांग. वाट पाहत असन तो." तबक मी सोबत नेऊ का विचारलं तर म्हणाली, "ओवाळनं का पार्सल पाठवाचं असते?"

आणि हे दोघं निघाले की! कट्टा डिक्कीत भरलेलाच होता आणि मामाच्या गावाला गाडी दाखवायची होती. रस्ताभर एकही धड खड्डा लागला नाही. माझा असा संताप झाला होता की मी खिडकीकडं तोंड करून बसले.

मामाला त्याच्या सुनेनं अंगणात खाटेवर बसवलं होतं. दाढी केलेली, नवा सदरा, ओवाळताना डोक्यावर घ्यायला खांद्यावर दुपट्टा, समोर रांगोळी आणि पाट. गाडी थांबली तसा तो मान लांबवून पाहू लागला. मी उतरले. मोठा उतरला. धाकट्यानं छप्पर उघडून दाखवलं, मग डिक्की उघडली, आणि दोघांनी मिळून कट्टा उचलून मामाच्या समोर रांगोळीजवळ आणून ठेवला. तिकडं दार उघडं राहिलं म्हणून गाडी टिंग टिंग वाजत होती.

"पाहा मामा," धाकटा म्हणाला, "आडवा मावते."

मामानं कट्ट्याकडं पाहिलं, मग गाडीच्या रिकाम्या मागच्या सीटकडं.

"बाई नाई आली?"

"ते चढूच शकली नाई मामा," मी म्हटलं. "गाडी लय उंच आहे."

मामानं डाव्या हातानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मंग आता मले ओवाळन कोन रे?" तो म्हणाला. "हा कट्टा?"