पुसलेला फळा

आमच्या रसायनशास्त्र विभागात फळा पुसायची पद्धतच नव्हती. कुणी अर्धवट सोडलेलं समीकरण जाता-येता दुसराच कुणीतरी पुरं करायचा. काल प्रयोगशाळेत डोकावलो, तर माझीच विद्यार्थिनी मुग्धा घाईघाईनं फळा पुसू लागली.

"सॉरी सर, कंपनीशी करार झालाय. बाहेरच्यांना दाखवायचं नाही."

बाहेरचा? मी?

विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड काढणारी तिची गाळणी आता बाजारात येणार म्हणे. येऊ दे की! संशोधन कपाटात कुजण्यापेक्षा बरंच. पण ज्या गावांनी तपासणीसाठी विश्वासानं पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या, तीही आता बाहेरचीच का?

मुग्धाच्या बोटांना खडूची धूळ लागली होती. माझ्याकडे बघत तिनं तीही झटकून टाकली, जणू मी तेवढ्यावरूनही काही वाचलं असतं.