कॉम्प्युटर विचार केंद्र, भिलाई

स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात तेजराम कापगते कामगारांची हजेरी मांडायचा आणि उरलेल्या वेळात देश चालवायचा. हे वाक्य त्याचं स्वतःचंच. पुढे पुढे तो स्वतःची ओळख अशीच करून द्यायचा, आणि लोक हसले की त्याला बरं वाटायचं.

त्याचा बाप साकोलीकडची शेती भावाच्या हवाली करून, प्लांट उभा राहत होता तेव्हा हेल्पर म्हणून भिलाईत आला. तेजराम इथेच वाढला, इथेच मॅट्रिक झाला, इथेच चिकटला. मरोद्याला प्लांटचं क्वार्टर, दारात स्कूटर, घरात विजया नावाची शांत बायको. मतं मात्र लहानपणापासून भरपूर. रेशनच्या रांगेत उभा राहिला की रेशनवर मत, रेल्वेच्या खिडकीशी उभा राहिला की रेल्वेवर मत. ती ऐकायला शेजारचे श्यामराव देशकर असायचे. ते प्लांटमध्ये अधिकारी होते, मूळ अमरावतीचे. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते तेजरामचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "एवढे विचार मलेही येतेत, तेजराम. पण मी जेवलो का ते जातेत."

सत्त्याऐंशी साली सुपेला बाजारातल्या बाबुलालने आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक कॉम्प्युटर आणून ठेवला. गिऱ्हाईक यावं म्हणून आणला, पण तो बाबुलालला चालवता येईना. तेजराम तिथे गेला तो दुसऱ्याच कामाला. त्याने त्या हिरव्या अक्षरांकडे पाहिलं आणि तिथेच अडकला. रोज ड्युटी सुटली की सुपेला. चुकत माकत त्याला एक गोष्ट जमली: पत्र लिहायचं आणि ते प्रिंटरवर काढायचं. प्रिंटर करकरत कागद बाहेर ढकलायचा तेव्हा तेजरामला वाटायचं, आपण जे बोलतो ते आता खरं झालं.

मग त्याने भोपाळला, राज्य सरकारला, लिहायला घेतलं. इंग्रजी मॅट्रिकचं, पण हिंमत पदवीधराची. रेशनकार्डं मशीनवर आणा. परीक्षांचे निकाल मशीनवर लावा. पोरांना पाढे घोकवणं बंद करून मशीनला हात लावू द्या, आपली शाळा पोहायला शिकवते ती फळ्यावर पाण्याचं चित्र काढून. कागदाच्या दोन्ही कडांना ज्या भोकांच्या पट्ट्या असतात त्या फाडून टाकायच्या असतात. तेजराम त्या तशाच ठेवायचा, नाहीतर हे कॉम्प्युटरचं पत्र आहे हे भोपाळला कळणार कसं? आणि एकट्या माणसाचं पत्र कोण वाचतो म्हणून वर मोठ्या अक्षरांत छापायचा: कॉम्प्युटर विचार केंद्र, भिलाई. खाली सही, टी. एफ. कापगते, अध्यक्ष.

"या केंद्रात कोण कोण हाय?" विजयाने विचारलं.

"सध्या मी हावो. बाबुलाल उपाध्यक्ष."

"त्याले माहीत हाय काय?"

"सांगतो ना. घाई काय हाय."

वर्षभर काही झालं नाही. आणि मग एक दिवस भोपाळहून जाडा लिफाफा आला. शाळांमध्ये कॉम्प्युटर शिक्षण कसं आणावं याचा विचार करायला एक समिती बसली होती, आणि तिने "आपल्या संस्थेचा एक प्रतिनिधी" बैठकीला बोलावला होता. तेजरामने ते पत्र अंगणात उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं, मग श्यामरावांना दिलं. श्यामरावांनी चष्मा पुसून वाचलं आणि ते म्हणाले, "अरे, हे तं तुले खरंच संस्था समजून राहिले."

"मंग जाऊ का नको?"

"आता नाही गेला तं केंद्राची बदनामी होईन."

मेव्हण्याच्या लग्नात शिवलेला सफारी काढला. तो पोटाशी जरा तंग झाला होता, म्हणून विजयाने बटणं सरकवून दिली. बाबुलालला उपाध्यक्षपदाची बातमी तेव्हाच कळली. त्याने खूश होऊन वाटेत खायला पेढे दिले. दुर्गहून गाडीत बसल्यापासून भोपाळ येईपर्यंत तेजराम भाषण पाठ करत होता. त्यात सरकार होतं, तंत्रज्ञान होतं, शिक्षण होतं, जपान तर दोनदा होता.

बैठकीत लांब टेबलाभोवती प्राध्यापक, संचालक, एक दोन इंजिनीअर बसले होते. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे म्हातारे गृहस्थ. ओळखी सुरू झाल्या. तेजरामची पाळी आली तेव्हा त्यांनी आपुलकीने विचारलं, "आपके केंद्र में कितने सदस्य हैं?"

"तीन," तेजराम म्हणाला. विजयाला त्याने त्याच क्षणी सदस्य करून घेतलं.

"और कंप्यूटर?"

"एक. वो भी उपाध्यक्ष का है."

कोणी हसलं नाही. कोणीतरी ते लिहून घेतलं, याचीच तेजरामला जास्त धास्ती वाटली. मोठमोठे लोक बोलत गेले आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा त्याची पाळी आली. "संक्षेप में," अध्यक्ष म्हणाले. तेवढ्याने सगळं भाषण डोक्यातून उडालं, जपानसकट. शेवटी त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "साहब, स्कूल में कंप्यूटर भेजने से पहले एक ऐसा आदमी भेजिए जो बच्चों को उसे हाथ लगाने दे."

 मग अध्यक्षांनी मान हलवली, पेन उघडलं आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. तेजराम घरी परतला तो जमिनीपासून वीतभर वरून चालत. मरोद्यात ज्याला त्याला सांगितलं. टाइम ऑफिसातल्या टिकारामला तर तीनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी सरकारने दोन कॉम्प्युटर पाठवले, नंदिनीच्या रस्त्याने अहिवाऱ्याच्या अलीकडे लागणाऱ्या एका गावातल्या कन्या शाळेत. सोबत आदेश होता: मार्गदर्शन, कॉम्प्युटर विचार केंद्र, भिलाई. म्हणजे तेजराम. दर शनिवारी ड्युटीनंतर, बिनपगारी.

शाळेच्या मुख्याध्यापिका साधना पाळंदे राजनांदगावच्या मराठी घरातल्या. त्यांनी एक खोली चुना मारून घेतली होती, दाराला नवं कुलूप लावलं होतं. "कापगते सर, मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं तुमच्या हवाली."

पोरी यायच्या आधी तेजरामने दार लोटून घेतलं आणि पहिलं मशीन सुरू केलं. ते बाबुलालच्या मशीनसारखं नव्हतं. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि एक रेघ लुकलुकत उभी राहिली. त्याने बाबुलालकडे टाकतो तो हुकूम टाकला. मशीनने इंग्रजीत उत्तर दिलं: मिस्टेक. दुसरा टाकला. मिस्टेक. आपलं नाव टाकलं. मिस्टेक. अध्यक्ष, कॉम्प्युटर विचार केंद्र, काही वेळ तसेच बसले. मग त्यांनी मशीन बंद केलं, दोन्हींवर कापडी खोळी चढवल्या आणि दार उघडलं.

त्या दिवसापासून वर्ग फळ्यावर सुरू झाला. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन यायचं, सतरंजीवर बसायचं, मशीनपासून हातभर लांब. रस्त्यावरून दगडाचे ट्रक जातात, धूळ उडते, त्यामुळे खोळ काढायची नाही. आधी इतिहास शिकायचा. मग मशीनचे भाग शिकायचे, चित्रावरून. तेजरामने फळ्यावर मॉनिटरचं असं चित्र काढलं की वरच्या वर्गातल्या पोरीसुद्धा पाहायला आल्या. शनिवारमागून शनिवार गेले. पोरी खोळींकडे पाहत बसायच्या, देवळात पडद्याआडच्या मूर्तीकडे पाहावं तशा.

एका शनिवारी विजयाही स्कूटरवर मागे बसून आली. तिला अहिवाऱ्याला मैत्रिणीकडे जायचं होतं. वर्ग होईपर्यंत ती मागच्या भिंतीला टेकून बसली. तिने सगळं ऐकलं. एका पोरीने, मथुरा तिचं नाव, छत्तीसगढीत विचारलं, "सर, ये चालू होथे का?" आणि तेजराम म्हणाला, "सब्र करो. पहले समझो."

अहिवाऱ्याची भेट उरकून दोघं परत निघाले. नंदिनीच्या वळणावर विजयाने मागून विचारलं, "भोपाळले तुमी काय सांगून आले होते? हात लावू देणारा माणूस पाठवा म्हणून?"

तेजरामने रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

"मंग तो माणूस कधी येऊन राहिला?"

तेजरामने स्कूटर कडेला घेतली. पेट्रोल आहे का ते पाहतो म्हणून टाकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाला, "मले ते मशीन येत नाही, विजया. बाबुलालचं येते. हे वेगळं हाय. काही टाकलं का मिस्टेक म्हणते."

"मंग पोरींना कावून नाही सांगत?"

"अध्यक्ष हावो ना मी."

विजया हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर सांगायचा. ती एवढंच म्हणाली, "मीही सदस्य हावो. माझं मत हाय, सांगून टाका."

तरी त्याने सांगितलं नसतंच. पण त्याच आठवड्यात साधनाबाईंचा निरोप आला: समितीचे अध्यक्ष शाळा पाहायला येणार आहेत. तेजरामला जेवण गोड लागेना. शनिवारी तो शाळेत गेला, दोन्ही खोळी काढल्या आणि त्यांची घडी करत करतच पोरींना पाठमोरा बोलला, "यह मशीन मुझे नहीं आती. किताब है. मिलके देखेंगे."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी सर इतके दिवस का थांबले, असा काहीसा भाव त्यांच्या तोंडावर होता. मग सगळ्या एकदम उठल्या. हात धुवायला कोणी गेलं नाही.

मशीनसोबत आलेलं जाडं इंग्रजी पुस्तक साधनाबाई वाचायच्या, तेजराम अर्थ लावायचा, पोरी बटणं दाबायच्या. मिस्टेक, मिस्टेक, मिस्टेक. तो शब्द आला की पोरी मोठ्याने ओरडायच्या, जणू त्यांचाच एक गुण वाढला. तेजरामने लावलेला अर्थ निम्म्या वेळा चुकायचा, आणि मथुरा तो न विचारता सुधारून घ्यायची. पुढच्या शनिवारी पडदा वरपासून खालपर्यंत मथुराच्या नावाने भरला आणि थांबेना. तो कसा थांबवायचा हे पुस्तकात सापडेपर्यंत पोरींनी एकेक करून शेजारच्या वर्गांतल्या मास्तरणींना बोलावून आणून दाखवलं. तेजराम घामाघूम झाला होता. घरी जाऊन त्याने विजयाला सांगितलं, "आज लय मजा आली," आणि आपण असं बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

अध्यक्ष आले त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती.

साधनाबाईंनी वीज कार्यालयात माणूस पाठवला. तेजराम तारांकडे पाहत अंगणात फिरत राहिला. म्हातारे गृहस्थ खोलीत आले, सतरंजीवर पोरींसोबत बसले आणि काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाले, "अच्छा, तो कंप्यूटर कैसे चलता है? कौन बताएगा?"

मथुरा उभी राहिली. "बिजली ले चलथे, साहब. अभी नइ चलय."

म्हातारे खदखदून हसले. मग पोरींनी हातवारे करून, एकमेकींना अडवत, आपण काय काय केलं ते सांगितलं. कुठे मिस्टेक आली, ती कशी काढली. सर कुठे चुकले तेही सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. तेजराम कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. लाजेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण होत नव्हतं. जाताना अध्यक्षांनी विचारलं, "आपके केंद्र का दफ्तर कहाँ है?" तेजराम म्हणाला, "दफ्तर नहीं है, साहब. केंद्र भी मैं ही हूँ." अध्यक्ष म्हणाले, "वो तो मैं भोपाल में ही समझ गया था."

पाहणीचा अहवाल चांगला गेला. साधनाबाईंनी विजेसाठी जनरेटर मागितला होता. काही महिन्यांनी भोपाळहून पार्सल आलं. त्यात डझनभर नव्या खोळी होत्या. तेजरामने सरकारवर मत मांडायला तोंड उघडलं, मग त्याला स्वतःच्या खोळी आठवल्या, आणि त्याने एक खोळ श्यामरावांच्या रेडिओला नेऊन दिली.

दुसऱ्या पावसाळ्यात एक मशीन कायमचं बंद पडलं. दुसरं चालत राहिलं, कधी रुसून, कधी हसून. तेजराम जातच राहिला. मथुरा शाळा संपवून दुर्गला कॉलेजात गेली, तिच्या जागी दुसऱ्या पोरी बसल्या. शेवटी सरकारने सर्टिफिकेटवाला तरुण मास्तर नेमला. तेजरामने त्याला खोली दाखवली, किल्ली दिली, चहा घेतला आणि घरी आला.

विजया भाजी निवडत होती. "कसा हाय मास्तर?"

"बरा हाय. लय मतं हायेत त्याले." तेजराम चपला काढत म्हणाला. "पण त्यालेही ते मशीन येत नाही."

"मंग तुमी सांगितलं नाही काय?"

"मी कायले सांगू? पोरी सांगतीन ना."