दोन तारांवरचं घड्याळ

विलास गेला, त्या सकाळी देवळातली आरती मी हातानं घंटा वाजवून केली.

आरतीचं मशीन अडकलं होतं. नेहमीसारखा त्याला अकोल्याला फोन लावला. वहिनींनी उचलला.
"भाऊजी, हे गेले. पहाटे अटॅक आला."

विलास माझा शाळासोबती. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात एकाच बाकावर शिकलो. पुढे त्यानं अकोल्यात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकलं. मी गावातच राहिलो, देवळाची सकाळची पूजा करतो. चिडवायला तो मला "महाराज" म्हणायचा.

देवळाचं आरती मशीन त्यानंच बनवलं. वेळ झाली की घंटा-नगारा आपोआप सुरू.

आत घड्याळाची छोटी चिप. लाइट गेली तरी तिची वेळ चुकत नाही. शिवाय लाल आकड्यांचा डिस्प्ले. चिप अन् डिस्प्ले, दोघांचं मशीनशी बोलणं एकाच दोन तारांवरून.

"हे जमते कसं रे?" मी विचारलं होतं.

"ज्याचं नाव घेतलं त्यानंच बोलायचं. बाकीच्यायनं चूप बसायचं. तुमच्या कमिटीच्या मीटिंगसारखं नाही, महाराज."

एक चूक मात्र त्यानं जाणूनबुजून केली.
या तारा वीतभर असाव्या लागतात. त्यानं डिस्प्ले पार बाहेर नेला, देवळासमोरच्या त्याच्या घराच्या ओट्यावरून दिसेल असा. त्या ओट्यावर त्याची आई बसते.

"एवढी लांब तार चालत नाही," तो स्वतःच म्हणाला. "पण आईले दिसलं पायजे."

मग लांब तारेनं ओल धरली की डिस्प्ले तार अडवून बसायचा, दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही. चिपला वेळ ठाऊक, पण सांगता यायची नाही. घंटा मुकी.
विलास यायचा, दुरुस्त करायचा, आईच्या हातचं जेवून जायचा.

तो गेल्यावर मशीन वारंवार अडकू लागलं. डिस्प्लेची तार काढली की बाकी मशीन नीट चालतं, हे मला कळलं होतं.

कमिटी म्हणाली, "मशीनच काढून टाकू. रेडिमेड आणू."
म्हणजे देवळात विलासच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

पण मावशी, विलासची आई, रोज त्या आकड्यांकडे पाहत बसायची. ते थांबलेले असले तरी.
डिस्प्लेच्या तारा कापायला कटर खिशात घालून मी कितीदा गेलो, अन् देवाला नमस्कार करून परत आलो.

आज विलासला जाऊन वर्ष झालं.

काल संध्याकाळी ओट्यावर तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं.
तिनं आकड्यांकडे पाहत विचारलं,

"त्यानं हे घंटी वाजवाले केलं होतं, का मले पाहाले?"

"दोन्हीसाठी, मावशी."

"मंग एक तरी चालू दे. काप. मले टाइम पाहून कोठी जानं हाय? अन् असं तोंड पाडून नको बसू. चहा घे."

आज पहाटे, आरतीच्या आधी, हात जोडले आणि डिस्प्लेकडे जाणाऱ्या त्या दोन तारा कापल्या.

तुझं मशीन देवळातच राहील, विलास.
शेवटचा राम राम.