लाडू जेवला, झोपला

उल्काताई आणि साप यांचा संबंध वर्षातून एकदा यायचा. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढायचा, त्याला दूध-लाह्या दाखवायच्या, त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, झालं. देश सोडून कोक्विटलामला येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात खंड नव्हता. पण लेकीपुढे कोणाचं काय चालतं? अनुयाला युनिव्हर्सिटीतर्फे चार महिन्यांची नोकरी मिळाली ती थेट दुसऱ्या टोकाच्या फ्रेंच मुलखात, लव्हालला, आणि जाताना बाईसाहेब आपला पाळलेला अजगर, बॉल पायथन, आईच्या गळ्यात मारून गेल्या.

पिल्लूच ते, हातभर लांबीचं. घाबरलं की अंगाचं वेटोळं करून डोकं आत खुपसून बसायचं, म्हणून त्याचं नाव लाडू. बेसमेंटमधल्या अनुयाच्या खोलीत त्याची काचेची टाकी होती. एका बाजूला ऊब, लपायला दोन खोपटी, पाण्याचं वाडगं, सगळा थाट. आणि आठवड्यातून एकदा उंदराचं पिल्लू. गोठवलेलं. ते गराजमधल्या फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या डब्यांखाली. उल्काताईंचे यजमान हेमचंद्रराव तेव्हापासून त्या फ्रीझरमधलं आइस्क्रीम खायचे बंद झाले ते झालेच.

अनुयाने निघताना सगळं समजावून सांगितलं होतं. उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, चिमट्याने पुढे करायचा, नाही खाल्ला तर फेकून द्यायचा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही.

"आणि मला सांगायचं," ती म्हणाली. "इफ ही डझन्ट ईट, यू टेल मी. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," उल्काताई म्हणाल्या. जन्मात मटणाच्या दुकानाची पायरी न चढलेली बाई, पण शब्द दिला.

पहिल्याच शनिवारी त्यांनी एक जुनं पातेलं या कामासाठी कायमचं बाजूला काढलं, नाकाला ओढणी बांधली आणि चिमटा टाकीत घातला. "घे रे बाळा, घे," म्हणून झालं. लाडूने जीभ दोनदा बाहेर काढली, मग डोकं आत घेतलं आणि झाला लाडू. हात भरून येईपर्यंत उल्काताई तशाच उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आई, जेवला?"

"जेवला गं," उल्काताईंच्या तोंडून निघून गेलं. "झोपलाय आता."

बघा, खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं त्यांनी. पण पोरीची नवी नोकरी, नवं गाव, दुकानात गेलं तर सगळं फ्रेंच. तिच्या जिवाला आणखी घोर कशाला? लांबच्या माणसाला वाईट सांगायचं नाही, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, ते आपोआपच येतं. पुढच्या शनिवारी तो जेवेल, मग झालंच की खरं, असा त्यांचा हिशेब.

पुढच्या शनिवारीही लाडू जेवला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि दर वेळी फोनवर "जेवला, झोपला" चालूच.

आता उल्काताई म्हणजे पंगतीत "नको" म्हणणाऱ्याच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकणाऱ्या. उपाशी जीव घरात आहे आणि आपण आठवडाभर गप्प बसायचं, हे त्यांना कुठून जमणार? त्या एक दिवसाआड उंदीर दाखवायला लागल्या. मग त्याला बाहेर काढून मांडीवर घेऊ लागल्या, पाठीवरून बोट फिरवू लागल्या. एकटं वाटत असेल म्हणून टाकी वर डायनिंग टेबलाजवळ आणली, थंडी लागत असेल म्हणून पुन्हा खाली नेली. हेमचंद्रराव म्हणाले, "अगं, अनुयाला विचार ना." त्यांच्यावरच त्या उखडल्या. शेवटी त्यांनी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, याचं आधीचं वजन किती, कात कधी टाकली होती. हे जिला ठाऊक, तिला तर आपण जेवला म्हणून सांगून बसलेलो. उल्काताईंनी नंतर करते म्हणून फोन ठेवून दिला.

आणि एका सकाळी लाडूचे डोळे वेगळेच दिसले. काळेभोर डोळे ते, त्यांच्यावर निळसर साय धरली होती. अंगाचा रंगही विटलेला. गेला हा, त्यांना वाटलं. आपल्या हातून गेला.

तिथेच जमिनीवर बसल्या त्या, आणि त्यांना बापू आठवले. बापू म्हणजे त्यांचे वडील, नागपूरला थोरल्या भावाकडे असायचे. अनुया तेव्हा शाळेत होती. दर रविवारी फोन केला की देवेशदादा सांगायचा, "जेवलेत, आत्ताच झोपलेत." उल्काताई इकडे निर्धास्त. बापूंचं अन्न केव्हाच सुटलं होतं, ते कळलं ते एकदम बापू गेल्यावर. तिथे पोचल्यावर भरल्या घरात त्यांनी भावाला विचारलं होतं, "मला एवढं परकं केलंत?" त्यावर दादा एवढंच म्हणाला, "तू तिकडे एकटी, काळजी करत बसली असतीस." त्या उत्तरासाठी त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आज तेच उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी फोन लावला. "अनू, लाडू जेवत नाहीये. तू गेल्यापासून एकदाही नाही."

अनुया म्हणाली, "व्हिडिओ लाव. डोळे दाखव." तिने नीट पाहिलं. "आई, तो कात टाकणार आहे. डोळे असेच होतात. दॅट्स नॉर्मल."

"म्हणजे मरत नाहीये?"

"आय डोन्ट नो. त्याच्याही आधीपासून खात नाही, वजन माहीत नाही. आज दवाखान्यात ने, मी त्यांच्याशी बोलते. त्यानंतर हातसुद्धा लावू नकोस. यू स्केअर्ड हिम, आई. मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी एवढंच म्हणाले असते, राहू दे त्याला."

"चुकलं गं माझं," उल्काताई म्हणाल्या. सगळं सांगून टाकल्यावर त्यांना जरा हलकं वाटत होतं. रागावेल दोन दिवस, पण आता काही लपवलेलं तरी नाही.

"आई," अनुयाचा आवाज एकदम खाली आला. "बाबा कुठेत?"

"ग्रोसरीला गेलेत."

"गेल्या शनिवारी तू म्हणालीस, झोपलेत. त्याच्या आधी म्हणालीस, जेवून झोपलेत."

"अगं, खरंच झोपले होते ते."

"बरे आहेत ना? टेल मी द ट्रुथ."

"ठणठणीत आहेत. तुझी शपथ."

"प्रॉमिसपण केलं होतंस."

तेवढ्यात वर दार वाजलं. उल्काताई धावतच जिना चढल्या. हेमचंद्रराव बुटांवरचा बर्फ झटकत होते, दोन्ही हातांत पिशव्या. "अहो, हिला सांगा हो, तुम्ही बरे आहात म्हणून."

हेमचंद्रराव फोनकडे बघून हसले. "मी? मजेत आहे की. मला काय धाड भरलीये?" दर वेळी असंच म्हणायचे ते.

अनुया हसली नाही. "बाबा, लाइट लावा," ती म्हणाली. "आणि जवळ या."

लाडूचे डोळे जसे पाहिले, तसंच ती वडिलांचं तोंड बघत राहिली. उल्काताई शेजारी उभ्या होत्या. खरं होतं ते सगळं त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि त्यातलं काहीच आता तिकडे खरं म्हणून पोचत नव्हतं.