शालनची पाच पानं

साताऱ्याहून शालनच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी सांगलीत वर्गावर निघाले होते. पंधरा दिवसांचा आजार, आणि माझी मैत्रीण गेली... तरी मी तास घेतला, नसता घेतला तर ती रागावली असती. आता महिना उलटलाय. रडून झालंय, आणि तिची आठवण आली की खरं सांगायचं तर हसूच येतं.

शहाण्णव साली आम्ही दोघी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तिचे वडील माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. घरातली पहिली इंजिनिअर तीच. धरणातून किती पाणी सोडलं तर नदीकाठच्या कुठल्या गावात किती चढेल, हे सांगणारा प्रोग्रॅम पाटबंधारे खात्यासाठी आम्ही लिहिला होता. मशीन नवं, बत्तीस मेगाबाइट मेमरीचं, तरी सकाळी लावलेलं गणित संध्याकाळी सुटायचं. "तोवर पाणी घरात येईल की गं," शालन म्हणायची. सगळे प्रोग्रॅमला नावं ठेवत. तिला मात्र दोष सापडला तो कर्नलमध्ये, म्हणजे मशीनचा सगळा कारभार पाहणाऱ्या मुळातल्या प्रोग्रॅममध्ये. तो मेमरीची चार-चार किलोबाइटची चिमुकली पानं वाटायचा. आमचा गावागावांच्या पाण्याच्या आकड्यांचा तक्ता अशा हजारो पानांवर पसरलेला, आणि कुठलं पान कुठे आहे याची प्रोसेसरजवळची यादी अगदीच तोकडी. बिचारा पत्ते शोधण्यातच दमायचा. "त्याला चार-चार मेगाबाइटची मोठी पानं देऊ या, म्हणजे पत्ते मोजकेच उरतील," ती म्हणाली.

विभागप्रमुख सर म्हणाले, "कर्नलला हात लावायचा नाही. मशीन एकच आहे, आणि शनिवारी खात्याचे साहेब येणार आहेत." शालनने कागद ओढला, 'मशीन बिघडल्यास जबाबदारी माझी' असं लिहून सही केली. जूनमध्ये आमच्या नेमणुका नव्याने व्हायच्या होत्या! मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. तिने मला उलटा काढला.

मंगळवारी मशीन गप्प झालं. बुधवारीही. मोठ्या पानाला सलग मोकळी जागा लागते, आणि मशीन थोडा वेळ चाललं की मोकळी जागा उरते ती तुकड्यातुकड्यांत. मग तिने मशीन सुरू होतानाच, बाकी कुणी हातपाय पसरायच्या आत, सहा पानं राखून ठेवली. गणित पळालं, पण दुसरं काहीच उघडेना. चार ठेवली, तर तक्ता मावेना. दर बदलाला कर्नल नव्याने बांधायचा, त्याला तास-दीड तास. तेवढ्यात आम्ही भडंग खायचो, आणि आमच्या लॅबचे तासगावकडचे शिपाई, बापू, डोकावायचे.

"आवं बाई, ह्या खेपेला तरी उठंल न्हवं?"

"उठंल की बापू. लय झोपलंय," शालन त्यांच्याच बोलीत.

शनिवारी पाच पानं ठेवून नऊ वाजता गणित लावलं. साहेब अकराला आले, मशीनकडे पाहून झालं, चहा झाला, आणि "निकाल पोस्टाने पाठवा" म्हणून उठायला लागले. साडेबाराला पडद्यावर गावांची नावं उतरायला लागली. शालन चपला तिथेच टाकून "सुटलं! सुटलं!" करत व्हरांड्यातून धावत सुटली. कुठेतरी आग लागली असं वाटून साहेबही तिच्यामागे... सरांनी तिच्या सहीचा कागद खिशातून काढून तिच्या हातात दिला. "याची गरज नाही आता," एवढंच म्हणाले. जूनमध्ये तिची नेमणूक झाली, माझीही. पुढच्या वर्षी लग्न करून ती साताऱ्याला गेली.

गेल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत ती आसपासच्या मुलींना शिकवायची. खोली बंद असेल असं वाटलं होतं, पण दार सताड उघडं, आणि एका जुन्या मशीनभोवती सात-आठ मुली भांडत होत्या. एकीने मला खुर्ची दिली.

"तुमी मॅडमच्या मैत्रीण न्हवं? मग आदी मशीन बंद पाडा."

"म्हणजे?"

"पयल्यांदा येईल त्यानं पाडायचं, बाकीच्यांनी उठवायचं. मॅडमचा नियम हाय."

"अगं, मी शिकवते हे, किती वर्षं!"

"मग तर लवकर पडंल."

पडलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच मला खुर्चीवरून उठवलं. "सरका आता," खुर्ची देणारीच म्हणाली, "आमाला बघू द्या."